मांडीवरचं ताट

माय, आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी अजून वाजते. तुझ्या सुनेनं ओटा बदलला, फरशी बदलली, खाली सरकते कप्पे बसवून घेतले, पण भिंतीवरची तुझी स्टीलची मांडणी तेवढी राहिली. तीही जाणारच होती. मिस्त्री ती काढायला स्टुलावर चढला, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वाजवत बसलो होतो. जाड तारेवरचा तो एक सूर लागला आणि सगळी ताटं एकदम थरथरायला लागली. मिस्त्री भूकंप झाला म्हणून जो खाली उतरला तो पुन्हा चढायलाच तयार होईना. मग सूनच म्हणाली, ‘राहू द्या, सासूबाईंची आहे.’ त्या दिवसापासून तुला लिहावं असं मनात होतं. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, आणि फुलंब्रीला काय झालं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला नीट कळणार नाही.

ही गिटार घरात आली तो दिवस तू विसरली नसशील. मी कॉलेजात होतो. शहरातला एक जुना ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्यातली एक गिटार मी घेऊन आलो. गिटारला सहा तारा असतात एवढंच माझं ज्ञान, आणि तेच मी तुला आधी सांगून ठेवलेलं. हिला चारच होत्या. तू पिठाचे हात तसेच घेऊन दारात आलीस, तारांकडं पाहिलंस आणि म्हणालीस, ‘दोन कुठं पाडल्या रे? जा माघारी, मागून आण.’ आणि मी खरंच गेलो, सायकल हाणत, भर उन्हात. तो ऑर्केस्ट्रावाला पोट धरून हसला. मग त्यानं समजावलं की ही बेस गिटार, हिला चारच तारा. ही गाणं वाजवत नाही, गाण्याच्या पायाखालची जमीन वाजवते. मी घरी येऊन हेच वाक्य ऐटीत तुला ऐकवलं. तू परत काठवटीकडं वळत म्हणालीस, ‘जमीन फुलंब्रीला हाय आपली. ती काय वाजत नाय.’

पुंडलिकनगरातलं आपलं घर तेव्हा दोनच खोल्यांचं. मी बाहेर, तू आत, मधे पडदा. तुझा पहिला राग मला शब्दासकट आठवतो. ‘ते जनावर बंद कर आधी. माझी ताटं हिवताप आल्यावानी कापायलीत.’ मग तू ताटांच्या मधे जुनी फडकी घातलीस. ती दोन-चार दिवस टिकली असतील, कारण फडकं हाताला लागलं की तुला पुसायला काहीतरी सापडायचं. माझ्याकडं ठेका धरायला कुणी नव्हतं. तबलजी नाही, ड्रम नाही. पण संध्याकाळी तू भाकरी थापायला बसलीस की मला साथीदार मिळायचा. थाप, थाप, थाप, गोल फिरवत; मग भाकरी हातावर उचलून तव्यावर टाकायचीस, तेव्हा क्षणभर सगळं गप्प, आणि पुन्हा थाप. मी त्यावर वाजवायचो आणि तू गप्प झालीस की मीही गप्प व्हायचो. मला वाटायचं तुला कळत नाही. एक दिवस तू मुद्दाम घाई केलीस, मी मागं धावलो, तू एकदम थांबलीस, मी तोंडावर पडलो. आतून तुझं हसू ऐकू आलं. ‘माझ्या भाकरीवर वाजवतो व्हय रे?’

मग बँड जमला. गायक आताही तोच आहे, बँकेत नोकरी करणारा, तुला मावशी म्हणून दोन भाकरी जास्त खाणारा. ड्रमवालाही तोच, जालना रोडवर ज्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी चितेगावच्या कारखान्यात पाळी संपवून, साबणानं हात धुऊन, बोटांना ग्रीसचा वास तसाच घेऊन तालमीला यायचो. आम्ही कधी कुणाला मोठे कलाकार वाटलो नाही आणि आम्हीही तसा गैरसमज करून घेतला नाही. हळदी, स्वागत समारंभ, निवृत्तीचे निरोप, कॉलनीतले गणपती. पहिल्या गणपतीला तू पुढच्या रांगेत बसलीस. कार्यक्रम झाल्यावर मी घाम पुसत तुझ्याजवळ आलो. तू म्हणालीस, ‘सगळ्यांचं ऐकलं. तुझं काय ऐकलं नाय. वाजवत होता का नुसताच हुबा होता?’ मला इतकं लागलं की मी तुझ्याशी बोलेना. बेस वाजवणाऱ्याचं हेच असतं, तो असताना कुणाला दिसत नाही. पण बाकीच्या जगाला नाही दिसला तर चालतं, आईला दिसायला हवा की नको?

आता चितेगावचं ते लग्न. माझ्याच खात्यातल्या माणसाच्या मुलीचं, मैदानात मांडव, आम्ही स्टेजवर. मी तारा जुळवताना समोर पाहतो तर तू स्पीकरच्या बाजूची खुर्ची धरून बसलेली, आणि मांडीवर घरचं ताट. रिकामं. दोन्ही हातांची बोटं काठाखाली लावून, डोळे मिटून. मला काही उमगेना. मुलीच्या चुलत्याला मात्र लगेच उमगलं. ही बाई भुकेली आहे आणि दुसऱ्याच्या ताटात जेवत नाही, घरचं घेऊन आली आहे. तो धावतच बुंदीची बादली घेऊन आला, हात जोडून म्हणाला, ‘मावशी, माफी द्या, पंगतीला उशीर होऊ लागला,’ आणि त्यानं तुझ्या ताटात बुंदीचा ढीग घातला. तू डोळे उघडलेस. तुझा तो चेहरा मला आत्ता समोर दिसतो आहे. तू त्याला काही बोलली नाहीस, बिचाऱ्यानं मानानं वाढलं होतं. पण घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या चिडून म्हणालीस, ‘तू कसा ग्वाड वाजायला लागला होता. त्या बाबानं बुंदी वाढली अन् तू गपच झाला.’

तेव्हा मला कळलं की तू मला ऐकायचा रस्ता शोधून काढला आहेस. कानाला नाही लागत तर बोटांना लागतो. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला तू पिशवीत ताट घालून आलीस. लोक काय म्हणतील याची तुला कधीच पडली नव्हती. गायक माईकवरून म्हणायचा, आमच्या मावशींच्या ताटात कुणी काही वाढू नका. आणि घरी आल्यावर तू मला असं धारेवर धरायचीस की उस्तादानंही धरलं नसतं. ‘आज त्या गाण्यात दम घेतला नाय तू. कामून पळत होता?’ दम घेणं म्हणजे ओळ संपता संपता मी जरा थांबतो ती जागा. तुझी भाकरी तव्यावर पडायची ती जागा. ती माझ्या हातात कायमची राहिली. ती चांगली की वाईट मला ठाऊक नाही, पण कुणीतरी ओळखतं म्हणून मी ती जपून ठेवली.

तू गेलीस, शहराचं नाव बदललं, आम्हा तिघांचे केस गेले किंवा पिकले, बँड चालूच राहिला. मी पुंडलिकनगरातल्याच खुर्चीत बसून अजून तारा पुसतो. मधे आमच्यात एक कीबोर्डवाले सर आले. कॉलेजात शिकवतात, फार सज्जन, आणि हात असा की ऐकत राहावं. मागच्या महिन्यात तालीम संपल्यावर गायक उगाच दोनदा पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘फुलंब्रीचं तर तुझ्याच भावकीतलं लग्न हाय. पाहुण्यासारखा समोर बस ना या टायमाला. सर कीबोर्डवरच डाव्या हातानं बेस धरतील. स्टेज पण लहान हाय.’ ड्रमवाला खाली पाहत काठ्या गुंडाळत राहिला. मी हसत हो म्हणालो. पण माय, मला भीती वाटली. एकदा नसून भागलं की पुढं नसूनच भागतं. कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. हे मात्र गेलं तर मी संध्याकाळी करू काय, असं वाटलं.

निघायच्या दिवशी मी मांडणीतून तुझं ताट काढलं. तुझी सून म्हणाली, ‘तिथं ताटं नाय मिळणार व्हय?’ मग माझ्याकडं पाहिलं आणि ते फडक्यात गुंडाळून दिलं. आम्ही दोघं फुलंब्रीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवात मी तुझ्यासारखीच स्पीकरच्या बाजूची खुर्ची धरली आणि ताट मांडीवर घेतलं. भावकीतला एक जण लगेच आला, ‘दादा, बुफे तिकडं हाय.’ मी म्हणालो, ‘जेवायचं नाय, ऐकायचं हाय.’ तो माझ्याकडं जरा काळजीनं बघत गेला. गाणं सुरू झालं. मी काठाखाली बोटं लावली. त्या ताटाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

सर उत्तम वाजवत होते, खोटं बोलणार नाही. पण पहिली ओळ संपत आली, आणि जिथं मी थांबतो तिथं सर थांबले नाहीत. त्यांनी का थांबावं? गाण्यात तसं कुठं लिहिलेलं नाही. गायक मात्र इतकी वर्षं नेमका तिथंच श्वास घेत आलाय, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. तो श्वासाची वाट पाहत राहिला आणि गाणं पुढं निघून गेलं. दुसऱ्या गाण्यात तेच. ड्रमवाल्याची काठी तिथं हवेत लटकून राहायची. गायकानं सवयीनं डावीकडं पाहिलं, मी उभा असतो तिथं. तिथं फुलांची कुंडी. मग त्यानं समोर पाहिलं आणि त्याला मी दिसलो, मांडीवर ताट घेतलेला. तो गाता गाता हसायला लागला. इतका की सरांना वाजवणं थांबवावं लागलं. माईकवरून म्हणाला, ‘मंडळी, माफ करा. आमचा बेसवाला समोर ताट घेऊन बसला हाय अन् हिकडं माझा दम कोंडायलाय. दादा, जेवण मागून. आधी वर ये.’

मी म्हणालो, गिटार कुठं आहे? मागच्या कार्यक्रमापासून ती ड्रमवाल्याच्या दुकानातच होती. त्यानं ड्रमच्या मागून पिशवी वर उचलून दाखवली. ‘मांडीवर घेऊन आलो. काय म्हणायचं ते नंतर म्हण.’ सरांनी हसून डावा हात खिशात घातला. मी वर चढलो, कुंडी जरा सरकवली, आणि आम्ही तेच गाणं पहिल्यापासून धरलं. ओळ संपत आली, मी थांबलो, गायकानं भरभरून श्वास घेतला. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही येत असताना मी चुकलो नाही हे तुला मुद्दाम सांगतो. खाली तुझी सून माझ्या खुर्चीवर येऊन बसली होती, मांडीवर ताट. एक वाढपी गुलाबजाम घेऊन आला, तर तिनं त्यावर हात आडवा धरला. ‘याच्यात काय वाढू नका भाऊ. याच्यात ते वाजायलेत.’

आता ते शेवटचं. सरांच्या डाव्या हातावरही तुझं ताट तेवढंच थरथरलं, माय. मी मनातून विनवत होतो की ते गप्प बसावं, पण ते पहिल्याच सुराला वाजलं. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. ताट कुणाच्याही वाजवण्यानं वाजतं. ‘हा माझा आहे,’ हे तूच ओळखत होतीस, आणि मी आजवर त्याचं श्रेय ताटाला देत आलो.

एवढं लिहून मी उठलो, कागदाची घडी केली आणि मांडणीत तुझ्या ताटाच्या मागं खोचली. पाठवायला दुसरा पत्ता तरी कुठला आहे? मग बाहेर येऊन, दार उघडं ठेवून, तो सूर वाजवून पाहिला. बाकी सगळी ताटं वाजली. तुझं तेवढं गप्प, मागं कागद होता ना. परत आत गेलो, पत्र काढून घेतलं, त्याखाली एवढं लिहिलं, आणि आता ते गिटारच्या पिशवीत ठेवतोय.