लेथचा वेग आणि माझा शांतपणा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७
आजपासून चिडायचं नाही. डोळे मिटून देवाला तसा शब्द दिला. तेवढ्यात दादानं शेडमधून हाक मारली आणि हातातला पेला भिंतीवर आपटला गेला. घाईत झालं. ते चिडण्यात धरत नाही.

दादा लाकूड कातून खुर्च्यांचे पाय करतो. त्याच्या लेथला मी डीसी मोटर बसवून दिली आहे. पटाशी लाकडाला टेकली की मोटर दमते, पटाशी अडकते, लाकूड फाटतं. पटाशी उचलली की मोटर पुन्हा सुसाट. दादा म्हणाला, खानावळीच्या खुर्च्या या महिन्यात गेल्या नाहीत तर कोपऱ्यातलं तुझं कामाचं टेबल शेडबाहेर, आणि तो कोपरा रंगवाल्याला भाड्यानं. सख्खा भाऊ!

वेग एकसारखा ठेवण्यात अवघड काय आहे? भार वाढला की व्होल्टेज वाढवायचं, उतरला की उतरवायचं. दोन दिवसांचं काम.

गुरुवार, ६ मार्च
सर्किट बसवलं. मोटर जास्त करंट ओढू लागली की भार वाढला असं समजून व्होल्टेज वाढवतं. मी जरा सढळ हाताने वाढवलं. पटाशी टेकताच मशीन अंगात आल्यासारखं घुमू लागलं. वेग वर, खाली, पुन्हा वर. लाकूड मधोमध मोडलं. अर्धं ट्यूबलाइटमध्ये, अर्धं वहिनींच्या पाण्याच्या पिंपात. दादा म्हणाला, जीव घेशील एखाद्याचा.

मी देवाला दिलेला शब्द पाळला. फक्त डब्याला लाथ मारली. डब्यात खिळे होते. पायाला पट्टी.

शनिवार, ८ मार्च
मूळ दोष लाकडाचा. तरीही नवी पद्धत. आता अंदाज नाही, मोजमाप. लेथच्या दांड्यावरून एक चिमुकली मोटर फिरवायची. फिरताना तिच्यात तयार होणारी वीज सर्किटला वेग कळवते. वीज कमी आली की वेग पडला, दे जोर.

दांडा आणि त्या मोटरीमध्ये पट्टा हवा. बाजारात कोण जातं? चहाच्या पुड्याचं रबर लावलं. वहिनी म्हणाल्या, भावजी, हे तुटलं तर? म्हटलं, तुटत नाही. पण तुटलं तर? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पक्कड हातातून सुटली ती खिडकीतून बाहेर. काच जुनीच होती.

रविवार, ९ मार्च
दादानं मुद्दाम दात-ओठ खाऊन पटाशी दाबली. वेग तसूभर हलला नाही. म्हणाला, जमलं की रे बाळ्या! पन्नाशीला आलेल्या माणसाला बाळ्या. तरी डोळ्यांत पाणी आलं. कोपरा वाचला. देवाचे आभार मानले. थोडे स्वतःचेही.

मंगळवार, ११ मार्च
रबर तुटलं.

चिमुकली मोटर थांबली. सर्किटला वाटलं, लाकूडच फिरायचं थांबलं. त्यानं होता नव्हता तेवढा जोर लावला. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला खरं सांगणारं कोणी उरलंच नव्हतं. मशीन किंचाळलं. खुर्चीचा पाय सुटून दादाच्या कपाळावर बसला आणि तिथून छताचा पत्रा फोडून गेला. रक्त पाहताच मी मेन स्विचवर झडप घातली. वहिनी म्हणतात, स्विच त्यांनी बंद केला, मी तर मोटरला हातोडीनं हाणत होतो. घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं.

दादाला टाके पडले. रंगवाला कपाळाची चौकशी करायला आला आणि जाताना माझा कोपरा मोजून गेला.

शुक्रवार, १४ मार्च. संध्याकाळी
डोक्याला पट्टी बांधून दादा कामावर आला. माझं सर्किट काढायला लावलं. मला लेथशेजारी स्टुलावर बसवलं आणि व्होल्टेजचा नॉब हातात दिला. म्हणाला, आवाज जड झाला की वाढव, हलका झाला की उतरव, आणि तोंड बंद.

दिवसभरात एकही पाय फाटला नाही. खुर्च्या वेळेवर जाणार, कोपरा माझाच राहणार. म्हणजे शेवटी माझीच यंत्रणा चालली. एवढंच, की लघवीला जायचं तर आधी दादानं पटाशी उचलावी लागते. दुपारी दोनदा विचारलं. म्हणाला, हा पाय होऊ दे.

हातोडी वहिनींनी कुलपात ठेवली आहे.

आज एकदाही चिडलो नाही. हात मोकळा नव्हता.