कडेचा तुकडा

प्रिय ताई,

फोनवरून आजवर एकही धड बातमी आली नाही, तेव्हा मला फोन करू नकोस असं तू बजावलंस, म्हणून हे पत्र. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घे. भावजींनी तुझी चहाडी केली आहे. तू शिलाई मशीनवर खोळ घातलीस, गिऱ्हाइकांची कापडं परत पाठवलीस आणि डॉक्टरांना सांगितलंस की गाठ पुन्हा आली आहे तर असू दे, आता औषध नको. सांगताना बिचारे रडकुंडीला आले होते, त्यांच्यावर डाफरू नकोस. मला राग आला तो त्या खोळीचा.

तू थकलीस हे मला कळतं. केस गेले, तोंडाची चव गेली, छातीवरचा व्रण कुठे भरला तोच हे पुन्हा. त्यात तुझा आजार आडमुठा. स्तनाच्या कर्करोगात औषधाला धरायला तीन नेहमीच्या खुणा असतात, तुझ्या गाठीत तिन्ही नाहीत. चोर घरातलेच कपडे घालून हिंडतोय, मग शरीराचे पहारेकरी त्याला अडवणार कसे? पण चोर कितीही बेरकी असला तरी काहीतरी अंगावर राहतंच. काही गाठींच्या पेशींवर एक प्रथिन असतं, जे निरोगी अवयवांवर जवळजवळ नसतं. आम्ही त्याला अँटिजेन म्हणतो, तू खूणच म्हण. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर तेच शोधतात. गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, रंग द्यायचा, खूण असेल तर तो तपकिरी होतो.

हे काम मला जमतं ते तुझ्यामुळे. दोरा आणायला पाठवताना तू कापडाची चिंधी हातात कोंबायचीस, नुसत्या आठवणीवर रंग आणू नकोस, शेजारी ठेवून बघ म्हणायचीस. आम्हीही तेच करतो. प्रत्येक काचपट्टीच्या कडेला एक ओळखीचा तुकडा असतो, त्यात खूण आहे हे आधीच माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. तो तपकिरी झाला म्हणजे रंग बरोबर चढला, मग रुग्णाचा तुकडा त्याच्याशी ताडून बघायचा.

काय तपासायचं ते तपासा म्हणून तू मागे सही केलीस, त्या तुझ्या गाठीची काचपट्टी परवा तयार झाली. घरच्या माणसाची आपण वाचायची नाही हा आमचा नियम. आमच्या प्रमुख बाईंनी आणि आणखी एकाने ती वेगवेगळी वाचली, निकाल तुझ्या डॉक्टरांकडे गेला. तोवर मी धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत बसले होते. मग बाईंनी मला बोलावलं. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले, गडद तपकिरी दिसलं, आणि इतकी वर्षं हेच काम करणारी मी ढसाढसा रडायला लागले. बाईंनी डोकावून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“अगं, हा कंट्रोल आहे. रडायचंच तर योग्य तुकड्यावर रड.”

नवशिकीसुद्धा करणार नाही अशी चूक. मी डोळे पुसले आणि बाईंनी काचपट्टी सरकवली.

ताई, तुझा तुकडाही तपकिरी आहे. मी दोन्ही ताडून पाहिले, रंग जुळतो. तू डॉक्टरांचा फोन उचलत नाहीस, म्हणून त्यांनीच मला कळवायला सांगितलं. आता तुझ्याच रक्तातल्या पहारेकरी पेशी काढून, त्यांना ही खूण शिकवून, परत तुझ्या अंगात सोडता येतील. उपचार नवा आहे, अजून पारखला जातोय. ताप येईल, रुग्णालयात राहावं लागेल, आणि गुण येईलच असं कुणी लिहून देणार नाही. मीही नाही. पण कालपर्यंत धरायला काही नव्हतं, आज आहे. आणि मला तू हवी आहेस. निर्णय तुझा. नाही म्हणालीस तरी मी येणारच, भांडायला. हो म्हणायचं असेल तर डॉक्टरांचा फोन उचल आणि मशीनवरची खोळ काढ. समोरून उघडणारा एक सदरा शिव, नळ्या लावायला सोपा पडेल. लहानपणी माझी बटणं नेहमी एक घर चुकायची आणि तू गुडघ्यांवर बसून ती पहिल्यापासून लावायचीस. सदऱ्याची बटणं जरा मोठी घे. या वेळी ती मी लावणार आहे.

तुझीच, अजूनही तुझ्या खांद्याइतकीच,
टिल्ली