एक टिंग म्हणजे हो

४ फेब्रुवारी
इरे, काल पुन्हा विसरलीस. तुझ्या आईला फोन लावून "बोल ना गं" म्हणालीस. रत्नागिरीची हवा डोक्याला मानवत नाही वाटतं. अगं, तिच्या घशातली गाठ काढलीय. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. आता तोंडातून नुसता वारा निघतो, आणि डॉक्टरांनी कुजबुजायलाही बंदी केलीय. तुझ्यासाठी हे लिहूनच ठेवते. म्हणजे लिहून घेते. मला अक्षर येत नाही, हिला बोलता येत नाही. मी सांगते, ही लिहिते. इतकी आज्ञाधारक सून अख्ख्या शनिवार पेठेत नसेल. मात्र मी "शुभा" म्हणते तेव्हा पेन फार लवकर थांबतं. पूर्ण नाव लिहीत नसणार.

७ फेब्रु.
शु.च्या चिठ्ठ्या माझ्या काय कामाच्या? म्हणून वाटी-चमचा. एक टिंग म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे "आई, पुरे". तीनच जास्त वाजतात.
सकाळी ज्येष्ठमधाची काडी दिली चघळायला. गळ्याच्या बाबतीत ही पहिल्यापासून कडक. लग्न होऊन आली तेव्हापासून लोणच्याची फोड तोंडात नाही. आंबट नको, तेलकट नको, गार नको. मी तेव्हा माझ्या लोणच्याचा अपमान धरून बसले होते. बरीच वर्षं.

११ फेब्रु.
शु.ची रजा संपली. शाळा विश्रांतवाडीला, मीही रिक्षात बसले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशा काय?" म्हटलं, "हिचं तोंड म्हणून आलेय."
तिसरीचा गाण्याचा तास. भिंतीवर जगाचा नकाशा. ज्या देशाचं गाणं शिकून झालं त्या देशाला टिकली. जपानला हिरवी, ब्राझीलला लाल. घरातली टिकल्यांची पाकिटं कुठे जातात ते कळलं एकदाचं.
शु. फळ्यावर लिहिते, पोरं मोठ्याने वाचतात, मी मागे उभी राहून वाचल्यासारखी मान डोलावते. एका पोरीने पकडलं. हिबा नाव. सुदानची, वडील इथे शिकायला आलेत. "आजी, मॅमचं लिहून व्हायच्या आधीच तुम्ही हो म्हणता!"

१८ फेब्रु.
स्नेहसंमेलनात देशोदेशीची अंगाईगीतं. शु.ने दिवाळीपासून बसवलेली. सुदानची अंगाई हिबाच्या आईकडून घेतली, मग जपानची, नेपाळची. शेवटी आपली मराठी. ती शु. एकटी म्हणणार, असं ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं. तुला म्हणायची तीच. मी म्हणायला लागले की तू भोकाड पसरायचीस. तुझा बाबा होता तेव्हा म्हणायचा, आई, तू नको, शुभाला म्हणू दे.
आज तालीम. नेपाळची संपली आणि पोरं गप्प उभी राहिली. शिकवलंच तसं होतं, आता मॅम गाणार, कोणी हलायचं नाही. शु.ची बोटं पेटीवर अंगाईच्या सुरांवर गेली. तोंडही उघडलं. सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघतायत. हिबा हळूच म्हणाली, "मॅम, आता तुम्ही."
पेटीचा भाता थांबला.
मी म्हटलं, घंटा झाली, पळा. झाली नव्हती.

२३ फेब्रु.
मधले दिवस कोरे. ही पेन धरेना.
मुख्याध्यापिका बाईंचा निरोप: शेवटची अंगाई स्पीकरवर लावू, शुभाताईंचं जुनं रेकॉर्डिंग आहे. म्हणजे हिने स्वतःच्याच आवाजासमोर मुकं बसायचं. शु.ने दोन टिंग वाजवले. मग पुन्हा दोन. वाटीला पोचा आला.
जूनपासून गाण्याला दुसऱ्या बाई शोधतायत, असंही कानावर आलं. मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत. गाण्याच्या तासाला गळा लागतो, त्या तरी काय करणार.

२८ फेब्रु.
झालं संमेलन. शेवटी शु.ने नुसती पेटी वाजवली. शब्द नाहीत. लोकांना वाटलं, असंच असतं. टाळ्या पडल्या. पोरं वाकून नमस्कार करून आत गेली. हिबा तेवढी तिथेच उभी, शु.च्या तोंडाकडे बघत. पडदा सरकला तरी.

१२ मार्च
डॉक्टरांकडे. बोलणं येईल म्हणाले, हळूहळू. गाण्याची आशा कमी. वर्षभर थांबून बघू. शु.ने त्यांना काहीतरी लिहून विचारलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, मान हलवली. काय विचारलंस, हे मी घरी विचारलं तर तीन टिंग.
हिचा आवाज जर परत
पेन थांबलं. लिही गं. मलाही सांगवत नाहीये, सांगतेच आहे ना?
जेवताना म्हटलं, लोणचं वाढू? आता कुणासाठी जपायचंय? एक नाही, दोन नाही. चमचा वाटीत तसाच. ज्येष्ठमधाची डबी मात्र डॉक्टरांकडून आल्यापासून दिसत नाही.

१५ मार्च
मघाशी सांगून झाल्यावर हिला म्हणाले, "वाच बघू, काय लिहिलंस." म्हणाले आणि मग लक्षात आलं. इरे, तू माझ्यावरच गेलीस.
ते खोडलं. आता एवढंच लिही.
काय पाठवू विचारतेस ना? कैरीचं लोणचं पाठव, आंबट, वर तेल आलेलं. आणि ज्येष्ठमध. ते पुण्यातही मिळतं, पण तूच पाठव. दोन्ही एकाच पिशवीत घाल. मी फळीवर शेजारी शेजारी ठेवणार आहे, आणि तिथून निघून जाणार आहे. हिचा हात आधी कुठे जातो ते हिचं हिला ठरवू दे.
बरणीचं झाकण घट्ट लाव. विसरशील.