ती जागेवरून का उठली नाही

सर, आज माझ्या कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी लायब्ररीतून माझा जुना प्रकल्प घेऊन आल्या. खेळातून गाव जोडण्याचा. त्यांनाही तसंच काही करायचं आहे. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून अजून तुमचं नाव आहे. ते काढ असं तुम्ही सांगितलं होतं, मी काढलं नाही. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली.

तेव्हा मी नगरला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गावी आले ती तुमच्या भरवशावर, कारण आपल्या शाळेत खेळ तुम्हीच शिकवायचात. गावातल्या आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलींचा एक खो-खो संघ करायचा, म्हणजे दोन्हीकडचं येणं-जाणं वाढेल, असं मी कागदावर मांडलं होतं. तुम्ही वाचून एवढंच म्हणालात, "संघ करू. येन्याजान्याचं बघू." वस्तीतून एकच मुलगी आली. नववीतली, पळायला सगळ्यांत चपळ. सरावाला मुली ओळीत बसायच्या. मागून येणारीनं पाठीला हात लावून खो म्हणायचं, मग बसलेलीनं उठून पळायचं. इतरांच्या पाठीवर थाप पडायची, पण तिच्या मागे आलं की हात वीतभर अलीकडे थांबायचा. नुसता आवाज. ती आवाजावरच उठायची. तुम्ही शिट्टी वाजवलीत. "फाऊल. हात लाव, हात. ती काय इस्तू हाय का, भाजायला?" मुली हसल्या. मागून आलेली माझी चुलत बहीण म्हणाली, "लागला की सर. व्हय का न्हाई गं?" ती मुलगी परत जागेवर जाऊन बसली. मग तुम्ही तिच्याकडे वळलात. "आन् तू. हात लागल्याबिगर उठायचं न्हाई. उठलीस तर फाऊल तुझा."

मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मी उतरले होते काकीकडे. सरावाहून आलं की काकी अंगणात बादली भरून ठेवायची. "शाळंत खेळा, म्या न्हाई म्हनत न्हाई. घरात यायचं तर अंगावर पानी घ्या." बहीण पाणी घ्यायची. मीही हातपाय धुवून आत जायचे आणि चुलीपाशी बसून गरम भाकरी खायचे.

तालुक्याचे सामने नेवाशात होते. टेम्पो भरून गाव आलेलं. शेवटचं मिनिट चालू आहे, एक गडी बाद केला की आपण जिंकतो. पळणारी नेमकी त्या मुलीच्या पुढ्यात आली आहे. माझी बहीण मागून पोचते, ओरडते, "खो." ती बसलेलीच. "खो दिला ना, ऊठ की." दोरीपलीकडून माणसं शिव्या घालतायत. ती एकदा मान वळवून तुमच्याकडे बघते आणि बसून राहते. पंचांनी फाऊल दिला, आणि वेळ संपली.

परतताना टेम्पोत तिला कुणी जागा दिली नाही, तुम्ही मोटारसायकलवर तिला घरी सोडलंत. तिनं मुद्दाम हरवलं, असं गावभर झालं. सोमवारपासून ती शाळेत आली नाही. तुम्ही चार वेळा वस्तीवर गेलात. तिच्या वडिलांनी हात जोडले, "सर, आमाला रोज गावातच कामाला जावं लागतंय." दहावी न होताच तिचं लग्न लावून दिलं. मी तिच्या घरी एकदाही गेले नाही.

अहवालात मी लिहिलं की बसलेली खेळाडू वेळेत न उठल्याने, तांत्रिक चुकीमुळे सामना गेला, मात्र संघभावना वाढली. तुम्ही विचारलंत, "कसली तांत्रिक चूक?"

"हात लागला नाही, सर."

"का लागला न्हाई, ते लिही."

"बहीण आहे माझी. तिचं लग्न ठरतंय."

तुम्ही कागद परत दिलेत. "मग माझं नाव काढ." त्यानंतर कधी भेटलात तर जेवलीस का, एवढं विचारायचात. दुसरं काही नाही.

आज त्या तिघींतल्या एकीनं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, पण ती उठली का नाही?" खोलीत आम्ही चौघीच होतो. बहिणीचं लग्न होऊन तिची मुलं कॉलेजात गेली. आता कुणाचं काही अडलेलं नाही.

"लक्ष नव्हतं तिचं," मी म्हणाले. त्या मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.