नामदेवच्या गावचा घाट

११ ऑक्टो. ८१
आष्टीकडच्या घाटावरून सकाळी डोंगा पाण्यात. मी आणि नामदेव, दोघंच. पुलगावच्या पुलापर्यंत वल्हवत जायचं. वाटेत गावोगाव थांबून महारोग्यांच्या वसाहतीत बायकांसाठी वॉर्ड बांधायला मदत मागायची. बायको निरोप द्यायला आली नाही, कुसुम. काल सिंदी मेघेच्या घरात भांडण. "ड्रिल मास्तरनं शाळेतले पोट्टे पळवावे. महारोग्यासंगं नदीत जायाचं कोनं सांगतलं तुमाले?"
नामदेव कधीचाच बरा झाला, हे तिला दहादा सांगून झालं. बोटं मात्र परत येत नाहीत. त्याच्या उजव्या हाताला वल्हं पट्ट्यानं बांधून देतो.

१२ ऑक्टो.
नदी अजून उतरली नाही. खडकांत डोंगा आडवा. नामदेव पाण्यात. बांधलेलं वल्हं सुटेना, त्याच्यासकट धार ओढत नेऊन राह्यली. दोनदा खडकावर आपटला. केसाला धरून काढला. तळहात उभा फाटला, त्याला पत्ताच नाही. रक्त पाहून उलटी मला झाली.
तो हसून राह्यला. "हात माह्या फाटला, दुखून तुले राह्यला."

१३ ऑक्टो.
आजच्या गावात लोकांनी मदतीची पेटी काठीनं जवळ ओढली, पैसे टाकले, काठीनंच परत ढकलली. मी चिडलो. नामदेव म्हणे, "देल्ले ना? मंग."
उद्याचा घाट त्याच्या स्वतःच्या गावचा. तिथून त्याला हाकलला तो सख्ख्या धाकट्या भावानं, पुंडलिकनं. झोपडी पेटवून.
म्हणालो, न थांबता पुढे जाऊ.
"नाई. तिथंच लावजो डोंगा."

१४ ऑक्टो.
जसं झालं तसं लिहितो.
डोंगा घाटाला लागायच्या आधीच दगड. पहिला पेटीवर, दुसरा माझ्या कानावर. घाटभर माणसं. पुढे पुंडलिक, हातात कुऱ्हाडीचा दांडा. "रगतपित्या! गाव पेते हे पानी. काऊन आला बे?"
नामदेव उतरून उभा राहिला. "पुंडल्या, बरा झालो ना मी. पाह्य." आणि दाखवायला हात वर केला. हाताला वल्हं. लोकांना वाटलं, मारायलाच उचललं.
मग काही थांबलं नाही. त्याला चिखलात पाडला. लाथा, काठ्या. पुंडलिक बरगड्यांवर दांडा घालत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. मग त्यानं नामदेवचं डोकं पाण्याखाली दाबलं. बुडबुडे आले. मग येईनात.
मी माझं वल्हं दोन्ही हातांनी पुंडलिकच्या डोक्यात घातलं.
तो आधी बसला, मग आडवा झाला. कानातून रक्त. सगळे मागे सरले. मी वल्हं पुन्हा उचललं होतं. समोर कुणी नव्हतं, तरी उचललं होतं.

१५ ऑक्टो.
काल मी नामदेवच्या छातीतलं पाणी काढलं, तो शुद्धीवर आला, तेवढ्यात पोलीस आले. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "म्या मारलं साहेब. हे पाहा, वल्हं माह्याच हाताले बांधेल हाये."
गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं कुणी मारलं. पण गावालाही नामदेवच पाहिजे होता. एक जण बोलला नाही.
मीही नाही. ठाण्यात त्याला लांब काठीनं मारलं, हात लागू नये म्हणून. माझ्या समोर. तरी नाही.
मला बाहेर काढताना हळूच म्हणाला, "चूप राह्य. तुले नोकरी हाये, पोट्टी हाये. मले काय हाये?"
पुंडलिक सरकारी दवाखान्यात, बेशुद्ध.

१६ ऑक्टो.
घरी. जेवण गेलं नाही. पोरगी जवळ आली तर खेकसलो.
कुसुमला सगळं सांगितलं. ती माझ्या कानाची पट्टी बदलत होती. हात थांबला नाही तिचा. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "खरं सांगून या. मंग घरी या."
माझ्या हातावर सूज आहे. वल्हं केवढ्या जोरानं घातलं असेल

१७ ऑक्टो.
ठाण्यात गेलो. "मी मारलं."
साहेब म्हणाले, "मास्तर, दया करून खोटं बोलू नका. त्यानं कबूल केलं आहे. जखमी शुद्धीवर येऊन राह्यला, उद्या त्याचाच जबाब घेऊ."
तिथून दवाखान्यात. व्हरांड्यात पुंडलिकची बायको, सखू. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही. वाटलं, चप्पल काढेल. काढली नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सकाळी डोये उघडले त्याईनं. पह्यलं इचारलं, 'नाम्या मेला का?'"
"म्हणजे? मेला पाहिजे म्हणून, की..."
"मले काय मालूम भाऊ. इचारलं एवढं खरं."
परत ठाण्यात. गजाआडून नामदेवला हेच सांगितलं. सुजल्यानं त्याचा एक डोळा बंद. तो उठून गजांजवळ आला.
"कसं इचारलं त्यानं? आवाज कसा होता?"
मी ऐकलाच नव्हता.
"सखूले पुसून ये ना," म्हणाला. "जाय. आत्ताच जाय."