चार फोन, बारा रिटर्न

१ जुलै, बुधवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही.

काल पप्पांशी बोलणं झालं. पप्पा केंद्र सरकारच्या कचेरीत हेडक्लार्क आहेत, त्यामुळे बोलणं लेखी झालं. एका कागदावर दोन अटी. एक, ३१ जुलैपर्यंत बारा लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून व्हायला हवेत. दोन, एकाही माणसाची तक्रार येता कामा नये. जमलं तर पुढच्या खोलीतलं टेबल कायमचं माझं. नाही जमलं तर मी परत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला बसायचं. तिसऱ्यांदा.

खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून आईची. सही करताना ती हसली. चांगली सुरुवात.

२ जुलै, गुरुवार

टेबल पुसलं. पाटी लावली: सुगत टॅक्स सल्ला केंद्र, अलीगंज. पाटीतलं प्रत्येक अक्षर पेंटरसमोर उभं राहून तपासलं. तो म्हणाला, भैया, आप ही लिख लो.

व्यवसायाचे नियम करून भिंतीला चिकटवले. नियम पहिला: क्लायंटला त्रास द्यायचा नाही. इथले बाकीचे टॅक्सवाले दर दहा मिनिटांनी माणसाला फोन करतात, भैया ओटीपी आया क्या, ओटीपी बताइए. माणूस ऑफिसात काम करणार की यांना आकडे वाचून दाखवणार? माझा क्लायंट कागद देईल आणि निर्धास्त घरी जाईल.

बाकीचे नियम उद्या.

५ जुलै, रविवार. दुपारी ४

३ आणि ४ तारीख चुकली नाही, वगळली.

बारा क्लायंट मिळाले. सगळे पप्पांच्या ओळखीचे, पण आले माझ्या पाटीकडे बघून, असं माझं मत आहे.

पहिला नियम अमलात आणला. इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर क्लायंटचा मोबाइल नंबर काढून तिथे माझा टाकायचा, म्हणजे सगळे ओटीपी मलाच. तिघांचे झाले. चौथ्याला वेबसाइट नाही म्हणाली. एका नंबरावर तीनच माणसं.

पाच मिनिटं घाम आला. मग लक्षात आलं, घरात फोन चार. चार त्रिक बारा. हा योगायोग नव्हे.

जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले होते. तिघांचे फोन चार्जिंगवरून गोळा केले आणि तासाभरात वाटणी पूर्ण. तीन क्लायंट माझ्याकडे, तीन पप्पांकडे, तीन बहिणीकडे, म्हणजे नीलमकडे, तीन आईकडे. घरच्यांना सांगितलेलं नाही. त्यांनाही त्रास नको.

६ जुलै, सोमवार

बाराही जणांचे पासवर्ड बदलले. लोक स्वतःच्या मुलीचं नाव आणि एक-दोन-तीन ठेवतात. वाईट वाटतं. मी प्रत्येकाला चौदा अक्षरी पासवर्ड दिला. ते वहीत सांकेतिक भाषेत लिहिले, म्हणजे वही चोरीला गेली तरी चिंता नाही. सांकेतिक भाषेची चावी कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये ठेवली. त्या फाइललाही पासवर्ड घातला. तोही वहीत लिहून ठेवला, सांकेतिक भाषेतच.

नीलमला पद्धत समजावली. ती एम.एस्सी.ला आहे, तरी ऐकून घेतलं. म्हणाली, दादा, चाबी ताले के अंदर रख के ताला लगा दिया? मी म्हणालो, सुरक्षा म्हणजे तेच.

९ जुलै, गुरुवार. सकाळी ११.३०

बारा क्लायंटांपैकी एक, निशातगंजचे माधवसर, आज स्वतः आले. मोठ्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. कागद असे लावून आणले होते की हात लावायला संकोच वाटला.

सरांचं काम महत्त्वाचं. त्यांची मुलगी जुई जर्मनीत असते, ऑगस्टअखेर तिचं बाळंतपण. सर आणि अरुणाकाकू निघाले आहेत. २९ जुलैला दिल्लीत व्हिसाची मुलाखत आणि एजंटने यंदाच्या रिटर्नची पावतीही मागितली आहे. म्हणजे पावती २७ पर्यंत हातात हवी.

सरांनी विचारलं, हे मला स्वतःला घरी बसून करता येईल का? वाचून तर सोपं वाटतं.

मी हसलो. नम्रपणे. म्हणालो, सर, हे टेक्निकल आहे.

सर आईच्या वाट्याला आले आहेत. आईचा फोन सर्वांत सुरक्षित. ती तो वापरतच नाही.

१३ जुलै, सोमवार

व्यवसायासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर, रिटर्नदूत, सकाळी उघडलं. त्याने अपडेट मागितलं. दिलं. अपडेट झाल्यावर त्याने नवं अपडेट मागितलं. हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं सतार ऐकली. मग एक मुलगा आला आणि म्हणाला, सर, एक बार बंद करके चालू कीजिए. मी विचारलं, सॉफ्टवेअर की कॉम्प्युटर? तो म्हणाला, जो आपको ठीक लगे.

क्लायंट नंबर सात, सत्यजित, आलमबागला राहतात. फॉर्म सोळा पाठवा म्हटलं तर त्यांनी टेबलावर ठेवून फोटो काढून पाठवला. फोटोत अर्ध्या पगारावर पंख्याची सावली. दुसरा पाठवा म्हटलं. दुसऱ्यात पंखा बंद होता, पण अंगठा होता. तिसऱ्यात सगळं स्पष्ट होतं, फक्त फॉर्म गेल्या वर्षीचा.

१६ जुलै, गुरुवार

आई विहारातल्या महिला मंडळाच्या कार्यक्रमाला गेली होती. पोलिसांतल्या सायबरवाल्या मॅडमचं भाषण. आल्यापासून फार गंभीर आहे. म्हणाली, हल्ली मशीन घरच्या माणसाचाही आवाज काढतं. पोराचा फोन आला तरी आधी खात्री करून घ्यायची, ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, आणि न मागता आला तर पुसून टाकायचा.

जागरूक आई असणं चांगलं.

२० जुलै, सोमवार. सकाळी १०

आठवडाभर प्रत्येक रिटर्नमधला प्रत्येक आकडा चार वेळा तपासला. बाराही तयार. आज अपलोड करणार. पहिला मान सरांचा.

१०.१५. वही उघडली. सांकेतिक भाषा उत्तम आहे. मलाही काही कळलं नाही.

१०.४०. चावीची फाइल उघडायला चावी लागते आहे.

११.०५. आठवून आठवून सरांचा पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा. चूक. पुन्हा. सरांचं खातं बंद झालं. काळजीचं कारण नाही. पासवर्ड विसरलो असं सांगितलं की ओटीपी येतो.

११.०६. तो आईच्या फोनवर जातो.

११.०७. आई भाजीबाजारात आहे.

११.१०. आईला फोन केला. म्हणालो, आई, आत्ता सहा आकडे आले असतील ते सांग. तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, काल जेवायला भाजी कोणती होती? मी म्हणालो, दुधी. फोन बंद.

तोंडली होती. नंतर आठवलं.

११.१८. पुन्हा केला. तोंडली म्हणालो. ती म्हणाली, आता कोणीतरी सांगितलं असेल. दुसरा प्रश्न. माझ्या मुलाने बी.कॉम. का सोडलं? मी म्हणालो, व्यवसायात पूर्ण लक्ष घालता यावं म्हणून. ती म्हणाली, चूक. फोन बंद.

दुपारी १.३०. आई घरी आली. समोर उभा राहिलो, मी आहे हे मान्य झालं. पण मेसेज तिने पुसला होता. सकाळपासून आलेले सगळेच. नवा मागवायला गेलो तर वेबसाइट म्हणाली, फार वेळा प्रयत्न झाला, उद्या या.

आईने विचारलं, पण त्या माणसाचा ओटीपी माझ्या फोनवर कसा? मी म्हणालो, व्यवस्थापन.

२१ जुलै, मंगळवार

सरांच्या खात्याला विश्रांती. दरम्यान सत्यजितांचं काम हाती घेतलं. त्यांचा ओटीपी पप्पांकडे. कचेरीत फोन केला. पप्पा म्हणाले, अशी माहिती तोंडी देता येत नाही, लेखी अर्ज पाठव. ओटीपीची मुदत पंधरा मिनिटं. मी अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, महोदय, सगळं नीट. फोटो काढून पाठवला. बाविसाव्या मिनिटाला उत्तर आलं: अर्जावर दिनांक नाही.

मग नीलमच्या वाट्याचं एक उघडलं. नीलमने मात्र लगेच आकडे पाठवले. चारच होते. ते पिझ्झाचे निघाले. म्हणाली, दादा, यार, लैब में हूँ, मेरे फोन पे तेरे लोग क्या कर रहे हैं?

एकूण आढावा: पद्धत बरोबर आहे. माणसं तयार नाहीत.

२४ जुलै, शुक्रवार

२२ ला आई कपडे वाळत घालत होती, फोन उशीखाली. २३ ला ओटीपी मिळाला, पण तिच्या चष्म्यामुळे तीनचा आठ झाला. दोनदा. वेबसाइट परत म्हणाली, उद्या या.

आज सरांचा फोन. म्हणाले, सुगत, काही अडचण नाही ना? मी म्हणालो, सर, प्रक्रियेत आहे. सर म्हणाले, कोणत्या टप्प्यावर? शास्त्रज्ञांना फार प्रश्न असतात.

२६ जुलै, रविवार. दुपारी १२.३०

अरुणाकाकूंचा फोन. ओरडल्या नाहीत. डिंकाचे लाडू वळून झालेत, दुपटी शिवून झालीत, सामानाचं वजनही करून झालंय, म्हणाल्या. २८ ला सकाळची दिल्लीची गाडी. जुईला सांगून टाकलंय, की येते. तेवढा कागद दे रे बाबा.

जेवलो नाही. उपवास म्हणून.

दुपारी २. निर्णय: उद्या स्वतः निशातगंजला जाऊन सरांना तांत्रिक बाजू समजावून सांगायची. नियमाने क्लायंटकडे जायचं नाही, पण हा अपवाद.

२७ जुलै, सोमवार. संध्याकाळी ७

नीलमच्या स्कूटीवर, तिच्या मागे बसून गेलो. उन्हामुळे.

दार काकूंनी उघडलं. दोन सूटकेसा दाराशीच, साखळीने एकमेकींना बांधलेल्या. मी सॉफ्टवेअरच्या अपडेटपासून सुरुवात केली. सर ऐकत होते. नीलमने मध्येच विचारलं, अंकल, आधार से जुड़ा फोन कौन-सा है? सरांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. ती म्हणाली, आधारवाला ओटीपी तो इसी पे आएगा, और कहीं जाएगा ही नहीं.

आला. सरांच्याच खिशात. सरांनी नवा पासवर्ड ठेवला, मुलीचं नाव आणि एक-दोन-तीन. मी आणलेलं रिटर्न पेनड्राइव्हवर होतं, पण सर म्हणाले, राहू दे, मीच भरून बघतो. एकेक रकाना मोठ्याने वाचत भरत गेले. एकदा म्हणाले, वा, हे बँकेचं व्याज त्यांना आधीच माहीत आहे. शेवटी पडताळणीचा ओटीपी आला, तोही सरांनीच टाकला. अठरा मिनिटं. पावती निघाली. काकूंनी ती हातात धरली आणि तशाच देवघरात गेल्या.

या वेळात मी तीन ग्लास पाणी प्यायलो.

निघताना सरांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, यात एवढंच असतं का रे? मी म्हणालो, सर, तुमचं साधं होतं.

काकूंनी लाडू दिला. घेतला.

३० जुलै, गुरुवार

सर दिल्लीहून परतले. मुलाखत चांगली झाली. पप्पांकडून नंबर घेऊन गाडीत बसल्या बसल्या त्यांनी बाकी अकरा जणांना फोन केले होते, असं सत्यजितांकडून कळलं. ज्याने त्याने आपला आधारवाला फोन घेऊन यायचं. आज सकाळी सरांच्या हॉलमध्ये सतरंजी घालून सगळे बसले होते. नीलम मदतीला. मला कळवलं नव्हतं. त्रास नको म्हणून असेल.

दुपारी सत्यजितांचा मेसेज: भैया, हो गया. सर ने अंगूठा हटाने को बोला.

३१ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६

बारा रिटर्न वेळेत. सरांच्या हाताखाली नऊ, नीलमच्या तीन. एकूण बारा. अटीत कोणी भरायचे हे लिहिलेलं नाही, मी कागद तीनदा वाचला. पप्पांना दाखवला. त्यांनीही वाचला आणि मान डोलावली. म्हणाले, मुद्दा बरोबर आहे.

मग म्हणाले, दुसरी अट वाच. मी वाचली. एकाही माणसाची तक्रार येता कामा नये. म्हणालो, एकाही क्लायंटची आलेली नाही.

पप्पांनी फाइलमधून एक कागद काढला. आईचं अक्षर. विषय, महोदय, दिनांकही. माझ्या मुलाने मला न विचारता माझा नंबर तीन परक्या माणसांना लावला. त्यामुळे दहा दिवस मला स्वतःच्या पोराला चोर समजावं लागलं. त्याला विचारलं, बी.कॉम. का सोडलं, तर तो फोनवर खोटं बोलला. कॉस्टिंगच्या पेपराला घाबरून अर्ध्यातून उठून आला होता, हे त्याने एकदा जरी सांगितलं असतं तरी मी ओटीपी दिला असता.

खाली साक्षीदार म्हणून नीलमची सही.

मी म्हणालो, आई क्लायंट नाही. पप्पा म्हणाले, अटीत क्लायंट लिहिलेलं नाही. माणूस लिहिलं आहे.

३ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ६.४०

पप्पा पुढच्या खोलीत. टेबलावर. कॉलेजचा फॉर्म ऑनलाइन भरत आहेत. नाव, जन्मतारीख, वर्ष दुसरं. मोबाइल नंबराच्या रकान्यात माझा टाकला. मी म्हणालो, तुमचा टाका. ते म्हणाले, ज्याचं काम त्याचा नंबर.

६.४२. ओटीपी आला. खाली लिहिलं आहे, कोणालाही सांगू नये. पंधरा मिनिटं चालतो.

६.४५. पप्पांनी विचारलं, आला का? मी म्हणालो, लेखी अर्ज द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, हसले नाहीत.

६.५०. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

६.५३. मी तिला म्हणालो, कॉस्टिंगचा पेपर होता. दुसऱ्या प्रश्नालाच घाबरलो आणि उठून आलो. ती म्हणाली, बरोबर. आणि परत आत गेली.

६.५६. सांगितला. आकडे सुटे सुटे, स्पष्ट उच्चारात. तीनचा आठ झाला नाही.