दसऱ्याला बटण दाबण्याआधी

बोरिवली,
ललितापंचमी, १९५७

प्रिय मृणाल,

मुलुंडहून आलेलं तुझं पत्र तीनदा वाचलं. शरच्चंद्ररावांनी तुझ्या सासरच्या विहिरीवर पेट्रोलचं इंजिन बसवलं, तेही बॅटरीवर, बटण दाबलं की सुरू होणारं, हे वाचून आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्यासाठी दाराशिवाय फट नसलेली खोली बांधली, असं तू कौतुकाने लिहिलंस आणि माझ्या नाकात पेट्रोलचा वास शिरला. अजून गेलेला नाही.

तुझ्या बाबांचं इंजिन असंच होतं. लढाईनंतर लिलावात घेतलेलं, हिरवं. दोरी ओढायला नको, घाम नको. अंगठा टेकवला की चिकूच्या आळ्यांत पाणी. मला चिडवायचे, "बघ, तुझ्या कॉन्व्हेंटच्या मुलींसारखं आहे. एका हाकेत उठतं." आपला धाकू माळी मात्र त्याच्यापासून चार हात लांबच राहायचा.

बाबांची एकच सवय वाईट. उठलं नाही की चिडून बटण दाबूनच धरायचे. शरच्चंद्ररावांना सांग, चार-पाच सेकंद, जास्त नाही. मग हात काढून थांबायचं. चोक ओढून दाबतच राहिलं तर पेट्रोल खाली ठिबकतं, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. टाकी भरायची ती इंजिन गार असताना. सांडलेलं पुसायचं, वारा खेळू द्यायचा. त्या खोलीची एक भिंत तर पाडूनच टाका. चालू इंजिनाचा धूर कोंडला तर माणूस बसल्या जागी जातो.

आग लागून बाबा गेले तेव्हा तू तेरा वर्षांची, घाटकोपरला आत्याकडे होतीस. परतलीस तेव्हा तुला सांगितलं, धाकूने डबा सांडला आणि वर विडी पेटवली. सगळी आळी तेच म्हणत होती. धाकू बोचकं उचलून गावी गेला.

मृणाल, डबा कुणीच सांडला नव्हता. दसरा होता. मी इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, ओवाळलं आणि निरांजन तिथेच खाली पाटावर ठेवलं. धाकू म्हणाला, "बाईनू, दिवो हंय नको." मी हसले. "अरे, देवाच्या दिव्याला काय घाबरतोस!" बाबांनी बटण दाबलं. उठेना. त्यांनी दाबूनच धरलं. मी प्रसादाची वाटी आणायला दारापर्यंत आले होते, म्हणून मी आहे.

शाळेतल्या मदर म्हणायच्या, चूक तिथल्या तिथे कबूल करावी. मला आठ वर्षं लागली, तीही तुझ्या एका ओळीमुळे: "आई, दसऱ्याला इंजिनाला तूच ओवाळ, मग बटण हे दाबतील." येईन मी. पण माझ्या हातात फुलंच असतील. निरांजन घरात, देवापुढे राहील. त्याआधी हे पत्र शरच्चंद्ररावांना वाचून दाखव. आणि वाचल्यावरही मी यावं असं तुला वाटलं, तरच मला न्यायला ये.

तुझीच,
आई